त्याच्या मोबाईलमधली बातमी

दारव्ह्यात आम्ही चार-पाच मास्तर-मास्तरणींनी टीव्हीवरच्या बातम्या बघणं सोडलं होतं, आणि त्याचा आम्हाला केवढा तोरा! वर्षाची वर्गणी भरून आम्ही एक पोर्टल वाचायचो. लांबलचक लेख, शांत भाषा. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्यावर चर्चा करायचो. बाकी सगळे झोपलेले आणि आम्ही तेवढे जागे, असा एकूण थाट होता.

आमच्या शेतात फवारा मारायला येणाऱ्या माणसानंही टीव्ही सोडला होता. म्हणजे त्याचा टीव्ही बिघडला, तो त्यानं दुरुस्तच केला नाही. बंडीच्या खिशात मोबाईल ठेवून तो एका मोटरसायकलवाल्याच्या बातम्या ऐकायचा. हा बातम्यावाला गावोगाव फिरायचा, कोणाच्याही पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, उभा राहून वऱ्हाडीत ओरडायचा, मधेच एखाद्या मंगल कार्यालयाची जाहिरात करायचा आणि शेवटी ‘घंटी दाबा’ म्हणायचा. मला त्या आवाजाचीच चीड यायची. “बंद करा हो ते,” मी म्हणायची. तो मुकाट्यानं बंद करायचा.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा मारणाऱ्याच्या तोंडावरच यायचा. त्यात आमच्याकडची रीत अशी, की एका फेरीत काम उरकावं म्हणून दोन-तीन औषधं एकाच ड्रममध्ये कालवायची. दुकानदार सांगतो, मालक आणतो, मारणारा मारतो. रविवार होता म्हणून मीही शेतात गेले होते. ड्रम भरायच्या आधी तो मोबाईल घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

“म्याडम, हे पाहा नं. असंच कालवून मारलं तं मानसं दवाखान्यात पडून राह्यले. डोये जाऊन राह्यले म्हने. आज एकच औषध मारू का?”

मी दहा सेकंद पाहिलं असेल. लाल अक्षरं, तीन-तीन उद्गारचिन्हं आणि तोच ओरडा.

“असल्या व्हिडिओवर विश्वास ठेवता तुम्ही? खरं असतं तर आमच्या पोर्टलवर आलं नसतं का?”

तो चौथी शिकलेला आणि मी शाळेतली बाई. तिकडे आभाळ भरून येत होतं, ड्रमपाशी आमचे हे घाई करत होते. “तुमी म्हन्ता तं असंन तसंच,” असं म्हणून त्यानं तोंडाला दुपट्टा बांधला आणि पंप पाठीवर घेतला.

दुपारी तो शेताच्या कडेला धुऱ्यावर डोळे चोळत बसलेला दिसला. मग उलट्या सुरू झाल्या. आम्ही त्याला आमच्याच गाडीनं यवतमाळला नेलं, एवढं तरी केलं. जीव वाचला. एक डोळा गेला तो गेलाच, दुसऱ्यानं त्याला उजेड आणि सावली तेवढी कळते.

पुढे दीडेक महिन्यानं पोर्टलवर त्याच विषयाचा लेख आला. काय सुंदर लिहिला होता! मी रडले, देवाशपथ रडले. लगेच आम्हा मास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एकीनं लिहिलं, ‘अंतर्मुख करणारं.’ दोघांनी हात जोडले. आमच्या शेतात काय झालं, ते मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. अजूनही कोणाला माहीत नाही, आणि हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

त्याच आठवड्यात मी त्याला भेटायला गेले. तो दारात बसला होता. त्याच्या बायकोनं खुर्ची दिली. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं की फवारणीवर लेख आलाय.

“वाचून दाखवा नं, म्याडम.”

मी वाचत गेले. अवघड शब्द आले की अडखळायचे, सोपं करून सांगायचे. तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“म्हंजे आता तुमच्यातबी आलं,” तो म्हणाला.

“हो.”

त्यानं मान वर करून माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता; असता तर मी सोसला असता. त्याला खरंच विचारायचं होतं.

“मंग आता खरं झालं नं, म्याडम?”