आमच्या मालकीची आगगाडी

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला घरातले सगळे वेळेवर हजर होते. फक्त वडील आणि मी नव्हतो. आम्ही आजारी नव्हतो, रुसलो नव्हतो, वाटही चुकलो नव्हतो. आम्ही रेल्वेचे मालक झालो होतो!

गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता त्या दिवसांतली गोष्ट. मालवणात आगगाडी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चित्र. मुंबईला जायचं तर आगबोट. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव बोटीला लागायचा, आणि कोणी मागे राहिलाच तर त्याने वाळूत उभं राहून पंचा हलवायचा. बोट भोंगा वाजवायची, कप्तान शिव्या घालायचा, पण थांबायची. (माझ्या काकांसाठी ती एकदा पाऊण तास थांबली होती. काका पानाचा चुना विसरले म्हणून घरी गेले होते!) चाकाचं असो की पंख्याचं, वाहन माणसासाठी थांबतं, अशी आमच्या घराण्याची ठाम समजूत.

त्यात निवडणुकीआधी एक पुढारी आमच्या गावात आले. नाव सांगत नाही. आज त्यांच्या नावाचा चौक आहे आणि मला त्या चौकातूनच बाजाराला जावं लागतं. साहेबांनी आमच्या घरी सुरमईच्या सहा तुकड्या खाल्ल्या, सातवी आग्रहाखातर खाल्ली, आणि मग देवळासमोर उभे राहून गरजले, "रेल्वे आता गोऱ्या साहेबाची राहिली नाही! ती जनतेची आहे! तिचा प्रत्येक डबा, प्रत्येक चाक, प्रत्येक खिळा तुमच्या मालकीचा आहे! आणि पाच वर्षांत ती तुमच्या दारात आणली नाही, तर माझं नाव बदला!" (त्यांचं नाव कोणी बदललं नाही. चौकाचं तेवढं बदललं.)

मी तेव्हा नवाच मास्तर झालो होतो. जे आपल्याला कळत नाही ते दुसऱ्याला शिकवायची सवय लागली होती. रात्रीच्या जेवणाला मी ते भाषण घरच्यांना मालवणीत सोडवून सांगितलं.

"म्हणजे रेल्वे सामायिक?" माझे वडील, तात्या, घास हातात धरून म्हणाले.

"अगदी सामायिक!"

"आमच्या फणसासारखी?"

"तशीच!"

इथे कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या परसातल्या फणसात तात्यांचा सोळावा हिस्सा. फणस वर्षाला लागायचे अकरा, तेव्हा वाट्याला काय यायचं ते देव जाणे. पण त्या सोळाव्या हिश्शाच्या जोरावर तात्या झाडाखालून जाताना छाती काढून चालत. त्या रात्रीपासून ते आगगाडीचं नाव निघालं तरी छाती काढू लागले. आणि मी मूर्खासारखा अभिमानाने बघत बसलो.

पुढे बहिणीचं, सुलूचं, लग्न ठरलं. नवरामुलगा मुंबईत गोदीत कामाला, रजा जेमतेम, म्हणून लग्न मुंबईत. सुलू ही तात्यांची नवसाची एकुलती एक मुलगी. तिचं कन्यादान आपल्या हाताने करायचं, याशिवाय त्या माणसाला जगात काही नको होतं. नवऱ्यामुलाचे पाय धुवायचे म्हणून त्यांनी महिनाभर सराव केला. कोणावर? माझ्यावर! रोज संध्याकाळी मला पाटावर बसवून, भटाने शिकवलेलं पुटपुटत, बोटांच्या फटीसुद्धा चोळून धूत. माझे पाय इतके स्वच्छ त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाहीत.

"ह्या कन्यादान माझ्या हातान झाला की मी मोकळो," ते म्हणत. "मगे यम येवंदे, तेकाव म्हणतलंय, बस रे, चाय घे."

मुहूर्त नेमका ज्येष्ठातला निघाला आणि पावसाळ्यामुळे बोटी बंद झाल्या. उरला रस्ता एकच. एस.टी.ने घाट चढून कोल्हापूर, आणि तिथून आगगाडी. तात्यांना दुःख झालंच नाही! "बरा झाला," म्हणाले. "आपली वस्तू आपण कधी बघतलो?"

घरातून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या फलाटावर आम्ही आपली वस्तू बघितली. थर्ड क्लासचा डबा असा भरला होता की आतली माणसं खिडकीतून बाहेर यावीत की बाहेरची आत जावीत, याबद्दल दोन्ही बाजूंत एकमत होत नव्हतं. हमालाने सुलूला उचलून खिडकीतून आत सोडली, आमसुलाच्या बरणीसारखी अलगद. आई मात्र मधेच अडकली. आतून सुलू ओढतेय, बाहेरून मी ढकलतोय, आणि आई दोन्हीकडे शिव्या देतेय.

"मेल्या, आवशीक ढकलतंस काय पोत्याक?"

"आये, श्वास सोड!"

"सोडूचो खंय? आत जागा नाय!"

शेवटी आई आत पडली, तिच्यामागून नारळाचं पोतं आणि एक फणस. (फणस एका गृहस्थाच्या मांडीवर बसला. फणसाचंही सामानाचं तिकीट होतं, म्हणून त्या गृहस्थाने त्याला उठवलं नाही.) तात्या आणि मी दारातून घुसून वीतभर जागा मिळवली. आता गाडी सुटावी, तर सुटेना. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली.

"कोणासाठी थांबलीय?" मी ओरडलो.

"पुढारी यायचेत मुंबईला जाणारे," फलाटावरून कोणीतरी सांगितलं. नाव ऐकलं, तर तेच! सुरमईच्या सात तुकड्यांचे आमचे साहेब!

तात्यांचा चेहरा उजळला. "बगलंस? थांबता! बोटीसारखीच थांबता!" आणि पोत्यातला एक नारळ काढून ते दाराकडे सरकू लागले.

"तात्या, खंय?"

"नवी होडी पाण्यात लोटताना नारळ देतत ना? मगे आपल्या वस्तूर पयलो पाय ठेवचो तो तसोच? गाऱ्हाणा घालून येतंय."

शहाण्या मुलाने बापाचा सदरा धरून खाली बसवलं असतं. पण माझ्या डोक्यात साहेब शिरले होते. साहेब फलाटावर भेटतील, चार लोकांत मला ओळखतील, उद्या चार मैलांवरच्या शाळेतून मालवणच्या शाळेत बदली करून देतील! मी म्हणालो, "चला तात्या, हक्क आसा आपलो!" आणि मीसुद्धा उतरलो. आमची वीतभर जागा मिटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात डोळ्याची पापणीही लवत नाही.

तात्यांनी इंजिनासमोर वहाणा काढल्या, माझ्या हातात दिल्या, नारळ वर धरला आणि खणखणीत सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

बोटी बंद म्हणून अडलेले आमच्यासारखे मालवणी फलाटावर पुष्कळ होते. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, आणि ते ऐकलं की मालवणी माणूस गप्प राहूच शकत नाही. चारी बाजूंनी आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

"आज ही जी आमच्या सामायिक मालकीची आगगाडी हय उभी आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या चाकांक, तिच्या बंबाक कसलीच इडा पिडा लागू देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या चेडवाक मांडवाच्या दारात सुखरूप पोचव..."

आणि नेमके त्याच क्षणी साहेब आले. मागे चाळीस कार्यकर्ते. समोर बघतात तर गर्दी, जयघोष आणि हात उंचावून नारळ धरलेला म्हातारा! साहेबांनी दोन पावलं पुढे टाकली, तात्यांच्या हातातला नारळ घेतला, कपाळाला लावला, मागच्या माणसाकडे दिला आणि तिथल्या तिथे भाषण ठोकलं. रेल्वे जनतेची आहे, चाक जनतेचं आहे, खिळा जनतेचा आहे. मी तात्यांच्या वहाणा हातात धरून पुढे सरसावलो. "साहेब, ओळखलंत? आमच्याकडे सुरमई..."

"वा, वा! दुकान चांगलं चालू द्या," साहेब म्हणाले, माझ्या हातातल्या वहाणांकडे बघत, आणि पुढच्या डब्यात शिरले. तो डबा त्यांच्यासाठी राखला होता. आत साहेब, एक सचिव आणि माझ्या बापाचा नारळ. चाळीस कार्यकर्ते आमच्या डब्याच्या पायऱ्यांवर लटकले.

"चला तात्या!" मी ओरडलो.

"गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता!" तात्या म्हणाले, आणि रिकामे हात पुन्हा वर केले. "आणि म्हाराजा, ज्या कोणी माझो नारळ नेलो..."

"व्हय म्हाराजा!!" या वेळी सगळ्यात मोठ्याने.

"ओ पाव्हणं, रुळाकडनं बाजूला व्हा!" ड्रायव्हर वरून केकाटला. पोलिसाने तात्यांना बखोटीला धरून ओढलं, शिट्टी झाली आणि गाडी हलली. आम्ही धावलो. तात्या अनवाणी, मी वहाणा घेऊन. दाराच्या दांड्याला मी एक बोट लावलं, त्यावर कार्यकर्त्याने आख्खा पाय दिला. "जागा नाही! मागनं या!" खिडकीतून सुलूचा हात बाहेर आला, "तात्या, तात्या!" तात्यांनी पंचा काढून हलवायला सुरुवात केली.

गाडी थांबली नाही. पंचा बराच वेळ हलत राहिला.

तात्या थेट स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले. कचेरीत शिरलं की आमची माणसं शुद्ध बोलतात, तसे तेही बोलले. "साहेब, गाडी थांबवा. मुलगी आहे आत. उद्या लग्न आहे तिचं."

"गाडी अशी थांबवता येत नाही."

"आत्ता थांबली होती ती?"

"ती लोकप्रतिनिधींसाठी."

"कोणाचे प्रतिनिधी?"

"तुमचेच की!"

इथे तात्यांचं शुद्ध संपलं. "म्हणजे माझ्या प्रतिनिधीसाठी थांबता, आणि ज्येचो तो प्रतिनिधी, तेच्यासाठी थांबणा नाय?"

स्टेशनमास्तरांनी तक्रारवही पुढे केली. मी सुंदर अक्षरात दोन पानं लिहिली, डब्यातल्या गर्दीबद्दलही लिहिलं. (चार महिन्यांनी उत्तर आलं: 'सदर इसम सदर गाडीत नव्हते, सबब सदर गाडीतील गर्दीबाबत त्यांची तक्रार विचारात घेता येत नाही.')

एक आशा उरली होती. संध्याकाळची गाडी मिळाली तर पुण्याला बदलून आम्ही मुहूर्ताला अगदी टेकलो असतो. ती गाडी आली तेव्हा माणसं टपावर होती, दोन डब्यांच्या मधल्या जागेत होती, आणि संडासात एक अख्खं कुटुंब पोळ्या खात होतं. मी तात्यांना खिडकीतून घालायला बघितलं. कमरेपर्यंत गेले. आतल्यांनी एकजुटीने बाहेर ढकललं.

"म्हातारबा, हितं श्वास घ्यायला बी नंबर लागलाय!"

"बाबांनो, माझ्या चेडवाचा लगीन आसा," तात्या खिडकीच्या चौकटीत आडवे, हात जोडून म्हणत होते. "मी उभो रवान. एका पायार रवान."

"एक पाय कुठं ठिवनार?"

कन्यादानासाठी घेतलेलं नवं धोतर खिडकीच्या खिळ्याला अडकून टर्रकन फाटलं. खिळा आमच्याच मालकीचा होता.

तीही गाडी गेली, आणि आम्ही मुंबईला पोचलो ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. चाळीच्या पटांगणात एक माणूस मांडवाचे बांबू सोडवत होता.

"कोण हवंय?"

"मी मुलीचो बापूस," तात्या म्हणाले.

त्याने आम्हांला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मुलीचे वडील तर वर झोपलेत जेवून."

वर झोपले होते ते गोपाळमामा, आईचे भाऊ! (गणपतीच्या भजनात आधी कोणी गायचं यावरून तात्या आणि ते अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.) आई दारात बसून होती. डोळे सुजलेले.

"दीड तास वाट बघली," ती म्हणाली. "भटाक पुढचा लगीन होता. तो उठाक लागलो, मगे गोपाळ बसलो पाटार. सुलू रडत होती. काय करतलंय मी?"

तात्या फाटलेलं धोतर सावरत भिंतीशी टेकले. मला वाटलं, आता मामांना उठवून भांडतील, मला मारतील, निदान पुढाऱ्याच्या नावाने ओरडतील. पण त्यांनी विचारलं,

"पाय नीट धुतले गोपाळान?"

"धुतले."

"बोटांच्या फटीत?"

आई पदर तोंडात धरून आत निघून गेली.

मी तात्यांची क्षमा कधी मागितली नाही. धीरच झाला नाही. पण शिक्षा सुटली नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो. भावोजींचा कान पिळायचा राहून गेला, म्हणून त्यांनी तो हिशेब उलटा धरला. मी मुंबईला गेलो की दारातच ते माझा कान पिळून विचारतात, "आज गाडी थांबली का हो तुमच्यासाठी?" मग त्यांचे भाऊ पिळतात, मग चुलते, मग शेजारी, आणि एकदा तर मांडववाल्यानेही पिळून घेतला. परवा वर्गातल्या पोरांनी विचारलं, "गुरुजी, तुमचो डावो कान उजव्यापेक्षा लांब कसो?"

मी म्हटलं, "तो सार्वजनिक मालकीचो आसा."