देवाच्या दारातलं ऊन

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही निम्मं म्हशींमागंच गेलं. वाचून पाठ करणं मला कधी जमलं नाही. जे काय येतं ते सगळं कानानं आलेलं. पण कान माझा पक्का, असा मला भारी गर्व होता. गावात कुणी गाणं चुकीचं म्हटलं की मी तिथल्या तिथं धरायचो.

माझा मेव्हणा नदीवर आंघोळीला उतरला की मोठ्यानं म्हणायचा, ‘हरवला माझा साबण गं.’ मूळ गाण्यात बाईचा साजण हरवलाय. ह्यानं जन्मभर साबण शोधला. चारचौघांत दिसला की मी विचारायचो, “काय पाव्हणं, घावला का न्हाई?” बायको दूध तापवताना गुणगुणायची, ‘माय तुझी साय येते.’ गाण्यातली लेक सासरी बसून आईची सय काढत्या, आणि हिच्या डोळ्यांसमोर पातेलं. मी म्हणायचो, “तुझ्या आईला उकळी फुटली काय गं?” लोक हसायचे. ती हसायची नाही. हे मला आता आठवतंय, तेव्हा दिसत नव्हतं.

आमची वाडी गुंदकडच्या रानात. देऊळ त्याहून आत, दाट झाडीत. दर सोमवारी तिथं भजन असतं आणि म्होरं बसायचा मान माझा. आमच्या भजनाची पद्धत अशी, की म्होरच्यानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती जशीच्या तशी उचलायची. म्होरच्याला टोकायचं नाही. तो चुकला तरी त्याच्यासंगं चुकायचं. देवासमोर आवाज एकच पाहिजे, असं जुनी माणसं सांगून गेलीत.

त्या जुन्या माणसांनीच खानापूरकडून येताना एक भजन बरोबर आणलं. त्यातली ओळ मी म्हणायचो, ‘तुझ्या दारी न्हाई ऊन, आता कशाचं मागणं.’ मला ती फार आवडायची. आमच्या देवळावर जांभळीच्या आणि नाण्याच्या झाडांची एवढी सावली, की भर दुपारीही अंगणात ऊन पडत नाही. मला वाटायचं, वा, कुणी तरी हे देऊळ बघूनच भजन केलंय.

यंदा सप्त्याला खानापूरकडची मंडळी आली, ज्या गावातनं आमचे वाडवडील निघाले त्याच गावची. त्यांचा म्होरक्या माझ्याहून थोर, दात पडलेला, पण आवाज खणखणीत. आम्ही दोघं शेजारी बसलो. ते भजन लागलं, मी ओळ टाकली. माझ्या माणसांनी ‘ऊन’ म्हणून उचलली, त्यांच्या माणसांनी ‘उणं’ म्हणून. टाळांत गोंधळ झाला. मी पुन्हा टाकली, जरा जोरात. माझी माणसं त्याहून जोरात. त्यांच्यातली दोन पोरं टाळ तोंडाशी धरून हसली. माझं डोकं फिरलं. भजन संपल्यावर मी थांबलो नाही, सगळ्यांदेखत त्या म्हाताऱ्याला म्हणालो, “पाव्हणं, भजन शिकून यावं मानसानं. आमच्या देवाच्या दारात ऊन न्हाई. बगा की वर, दिसतंय काय?”

त्यानं खरंच वर बघितलं. मग हात जोडले आणि म्हणाला, “असंल बाबा. तुमचा देव, तुमचं ऊन.”

मी जिंकलो असं समजून जेवायला बसलो. दोनदा भात घेतला.

जेवण झाल्यावर हात धुवायला देवळामागं गेलो. तिथं बायका भांडी घासत होत्या आणि घासता घासता तेच भजन म्हणत होत्या. सगळ्या एका आवाजात, ‘तुझ्या दारी न्हाई उणं, आता कशाचं मागणं.’ उणं. म्हणजे देवा, तुझ्या दारात कशाचीच कमी नाही, मग मागू काय. त्या बायकांत माझी बायको होती. गाणं तीच सांगत होती.

मी म्हणालो, “तू पण?”

तिनं राख लावलेला हात थांबवला. “हितं तुमी म्होरं न्हाईसा न्हवं.”

“म्हंजे तुला ठाव हुतं?”

“सगळ्यांस्नी ठाव हाय. तुमी तापानं पडला हुता तवा समदी उणंच म्हणत हुती. तुमी उठून आलासा, मग ऊन.”

“मग सांगायचं न्हाई व्हय?”

“कुणी सांगायचं? तुमास्नी?” असं म्हणून तिनं पातेलं पालथं घातलं. बाकीच्या बायका खाली मान घालून घासत राहिल्या. एकीचे खांदे हलत होते.

मी हात न धुताच परत आलो. पाहुण्यांचा टेंपो सुटायच्या बेतात होता. तो म्हातारा वर चढायच्या आधी माझ्याजवळ आला, माझा खरकटा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “येतो मग.” तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आलाही होता. पण त्याची पोरं बघत होती, माझी माणसं बघत होती. मी म्हणालो, “फुडच्या सप्त्याला यावा.” एवढंच. टेंपो जोयड्याच्या वाटेला लागला.

त्यानंतरचे दिवस मी कुणाच्या दारात गेलो नाही. माणसं मला घाबरून गप्प होती का माझी कीव करून, हेच कळेना. दोन्हींतलं कुठलं बरं, तेही कळेना.

सोमवार आला. मी ठरवलं, कुणाला काही बोलायचं नाही, नुसतं बरोबर म्हणून टाकायचं. भजन लागलं. मी म्हणालो, ‘तुझ्या दारी न्हाई उणं.’ आणि मागनं सगळ्यांनी एका दमात उचललं, ‘तुझ्या दारी न्हाई ऊन!’ मी घसरलो असं वाटून त्यांनी मला सावरून घेतलं होतं. पाहुण्यांपुढं सावरलं तसंच. मी पुन्हा ‘उणं’ म्हटलं. माझी माणसं पुन्हा ‘ऊन’, आणखी जोरात.

मी टाळ खाली ठेवला. मृदंगावर माझा चुलतभाऊ असतो. तो म्हणाला, “काय झालं दादा?”

“माझं चुकत हुतं. उणं म्हणा.”

“आँ?”

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. मला मोठ्यानं म्हणावं लागलं, “उणं म्हणा! माझं चुकत हुतं, पयल्यापास्नं.”

मग माझा मेव्हणा, तो साबणवाला, मागनं म्हणाला, “दाजी, ऊन घावलं म्हणायचं तर!” सगळे हसले. बायकांकडनंही हसू आलं, त्यातलं एक मी ओळखलं. मला हसता आलं नाही, पण मी उठूनही गेलो नाही. असा आयुष्यात पहिल्यांदाच बसून राहिलो असेन.

आता ते भजन लागलं की मृदंगवाला भाऊ ओळ टाकतो आणि मी उठून मागं दाराजवळ बसतो. लहानपणी इथंच बसायचो. इथं टाळांच्या आवाजात म्होरचा काय म्हणतो ते नीट ऐकू येत नाही, जिथं कळत नाही तिथं आपलं काही तरी भरावं लागतं. मी शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो आणि तो म्हणेल तसं म्हणतो.

पुढच्या सप्त्याला तो म्हातारा आला, तर मी त्याला इथंच बसलेला दिसेन. त्याच्याशी बोलायचं मात्र राहिलंय. तोवर तो धडधाकट राहू दे म्हणजे झालं. हे मागणं आहे, आणि मागू नये असं भजनातच सांगितलंय, तरी मी मागतो.