येऊन राहिले

त्या किनाऱ्यावरच्या गावातल्या नर्स रोज सकाळी बोटीनं मुंबईला जात. तिथं मोठी हॉस्पिटलं, मोठा पगार. म्हणून गावातल्या छोट्या दवाखान्याला आमच्यासारख्या मुली लागत, आणि लागत म्हणूनच गावाला आमचा राग येत असावा.

मी देवणीची, लातूरला नर्सिंग केलेलं. घरी ठरलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर परत यायचं आणि पाहुण्यांसमोर पोह्यांचा ट्रे धरायचा. मला तो ट्रे धरायचा नव्हता.

मुलाखतीत डॉक्टर म्हणाले, "देवणी म्हणजे बैलांची ना?" मी म्हटलं, "माणसंही राहतात, सर." ते हसले नाहीत. अट एकच होती, गावातच खोली घेऊन राहायचं. मी पनवेलला मावशीकडे उतरले होते. खोली बघते म्हटलं, पण "तिकडची" म्हटल्यावर कुणी दार पुरतं उघडेना.

रुजू व्हायच्या दिवशी मी एसटीत असताना मेट्रन बाईंचा फोन आला. "कुठे आहात?"

"येऊन राहिले, मॅडम."

"अरे वा! बरं झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमच्याकडं याचा अर्थ एवढाच, की वाटेत आहे, पोचतेच. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मुलगी आली, राहायलाही लागली. पोचल्यावर पहिला प्रश्न, खोली कुठं घेतली? मी म्हटलं, अजून मिळाली नाही. मग सगळ्या स्टाफसमोर मी खोटारडी ठरले. मी अर्थ समजावून सांगितला तर मेट्रन बाई म्हणाल्या, "हे मराठी आहे?" मला इतका संताप आला, की कानशिलं तापली. आम्ही काय परदेशातून आलो होतो?

माणूस नव्हतं म्हणून शेवटी ठेवून घेतलं. मात्र पेशंटशी बोलायचं नाही. "त्यांना तुमचं कळत नाही. सुई टोचा, पट्टी बांधा, काही विचारलं तर मला हाक मारा." ट्रे आठवला आणि मी मान डोलावली.

दुपारी एका म्हाताऱ्या कोळणीला ऑपरेशनसाठी तयार करायचं होतं. मी सलाईन लावत होते, तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "बाय गो, लय दुखंल काय?"

मी दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तिची पकड ढिली होईना, आणि मुकी राहायला मी काही खांब नव्हते.

"दुखंल थोडं, मावशे. भ्याचं न्हाई. शुद्धीवर येशील तवा मी हाय इथंच."

तिनं मनगट सोडलं. हसली. "बस हां मग," म्हणाली.

तिला आत नेलं आणि पडद्यामागून मेट्रन बाई बाहेर आल्या. एकदा सांगितलेलं कळत नाही का, कपडे बदला आणि निघा. मी हात जोडले. म्हटलं, मॅडम, नोकरी नका देऊ, पण ती बाहेर येईपर्यंत बसू द्या. त्यांनी वॉचमनला बोलावलं.

त्या बाईंचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. म्हातारीनं डोळे उघडून मला शोधलं असेल तेव्हा मी पनवेलच्या एसटीत बसले होते.