तिसऱ्या भागापासून

बीडच्या बसस्टँडमागच्या वाचनालयातला पुस्तकं देणारा माणूस कधी मान वर करत नाही. थुंकी लावून रजिस्टर उलटतो आणि बोलण्याआधी टेबलावर दोनदा बोट वाजवतो. तिथं एकाच लेखिकेची तीसेक भागांची मालिका आहे. त्यात भुतं माणसांच्या प्रेमात पडतात म्हणे. कुणी कुठून सुरू करायचं हे तोच ठरवतो. क्लासच्या पोरींना सातवा भाग देतो. "ह्यात लगीन हाय."

असल्या पुस्तकांना मी नाकं मुरडायचो. बायको गेल्यावर महिन्याभरानं मात्र मुकाट्यानं गेलो आणि पहिला भाग मागितला. बोट दोनदा वाजलं.

"पयल्यात ती मरती, सर. तुमी तिसऱ्यापासून घ्या. तिसऱ्यात ती परत येती."

त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. तिसरा वाचला, मग चौथा. चौथा परत करायला गेलो, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

"आल्या का वहिनी?"

"नाही."

"माजीबी न्हाई आली. अख्खी मालिका चारदा वाचली मी."

मग बोट न वाजवताच त्यानं पाचवा भाग पुढं सरकवला. मी तो घेतला.