चाचांचा हमाल

गेल्या साली दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवडी बाजारात, भर दुपारी, जवळा बाजारला आमच्या शेजारच्या चाचांवर अन्याय झाला. तो निजामाच्या पोलिसांनी केला नाही, निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या आपल्याच लोकांनी केला. पोलिसांचा मुखबीर, खबऱ्या म्हणून त्यांना धरलं. आता निजाम गेला, चळवळीची पत्रकं उघड छापता येतात, म्हणून हेही उघड लिहितो. कुणाच्या भानगडीत अजिबात न पडणारा माणूस सबंध वसमत गावात शोधायचा म्हटलं, तर चाचांच्या कापड दुकानाशी येऊनच थांबावं लागेल. चाचांना माणसाच्या जातीशी, धर्माशी, पक्षाशी काही देणंघेणं नाही. त्यांना फक्त त्याच्या चालण्याशी आहे.

हैदराबादेतल्या एका साहेबाकडून त्यांनी सिनेमाचा जुना कॅमेरा घेतला होता. त्याचा खटका एकदा दाबला की एकच चित्र निघे. मग सुताराकडून वीतभर उंचीचा लाकडी हमाल करून घेतला, हातपाय वाकणारा, डोक्यावर पोतं असलेला. बाहुला केसभर हलवायचा, खटका दाबायचा, पुन्हा केसभर हलवायचा. ती चित्रं यंत्रातून पळवली की बाहुला आपला आपण चालतो. निदान चालावा, अशी अपेक्षा. पहिली फीत मुंबईहून धुऊन आली आणि भिंतीवर दाखवली, तेव्हा हमाल तेलावरून घसरल्यासारखा या टोकापासून त्या टोकाला गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. चाची तेवढ्या बोलल्या, "हा चालून न्हाई राहिला. ह्याला कुणी तरी ढकलून राहिलं."

चाचा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या मागे मागे फिरायला लागले. चालून दाखव म्हटलं की भला माणूसही पोलीस जमादारासारखा चालतो, सबब मागून बघायचं, हा त्यांचा सिद्धांत. हळदीचं पोतं घेतलेला माणूस पाय उचलायच्या आधी कंबर दुसऱ्या अंगाला टाकतो, हे त्यांना मोंढ्यात, धान्याच्या बाजारात सापडलं, आणि त्या आनंदात त्यांनी एका गिऱ्हाइकाला धोतराऐवजी लुगडं बांधून दिलं. खांदेकरी खांदा कसा बदलतात ते बघायला एकदा परक्या गावात अनोळखी मयताच्या मागे नदीपर्यंत गेले. मयताच्या भावानं गहिवरून नातं विचारलं, तर खोटं बोलता येईना. म्हणाले, पाय बघायला आलो. त्यानं यांना मयताच्या पायांशीच नेऊन उभं केलं. चाचांना रडावं लागलं. पुढे खरंच रडू आलं, हे त्यांनी मला वेगळं सांगितलं.

मग सगळा पावसाळा दुकानाच्या माडीवर हमालाला चालवण्यात गेला. आधी कंबर, मग मान, मग टाच. पोत्याचं वजन दिसावं म्हणून टाच टेकली की बाहुला जरा तसाच ठेवायचा. माशी बसली की पुन्हा सुरुवात. शेवटी मनासारखं जमलं. ती न धुतलेली फीत डब्यात घालून, मुंबईला निघालेल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या हाती द्यायला चाचा जवळा बाजारला गेले. तिथं डोक्यावर मिरच्यांची पाटी घेतलेला एक माणूस दिसला आणि व्यापारी राहिला बाजूला. तो माणूस आमचा कार्यकर्ता होता. मिरच्यांखाली पत्रकं होती. तो थांबला की चाचा थांबत, तो निघाला की निघत. व्हायचं तेच झालं. आमच्या लोकांनी घेरलं, टोपी उडवली, कानाखाली वाजवली, डबा हिसकला. चाचा हात जोडून म्हणाले, "मला मारा, पण डबा उघडू नका. उजेड लागला तर मरंल तो."

एवढं ऐकल्यावर कोण उघडणार नाही? फीत भर उन्हात शेवटपर्यंत ओढून काढली. त्यात एकही चित्र उरलं नाही.

गलका ऐकून जमादार आला. मारणारे पळाले. कोण होते, तोंडं ओळखशील का, म्हणून त्यानं चाचांना दरडावलं. चाचा म्हणाले, "तोंड न्हाई पाहिलं, साहेब. पाय पाहिले." वेडा म्हणून त्यानं सोडून दिलं.

मीही हसलो असतो. पण घरी आल्यावर चाचा मला हळूच म्हणाले, "मिरच्यांच्या मानानं त्याची टाच लई जोरात पडून राहिली होती, बेटा. खाली कागद असंल. आपल्याला काय करायचं?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. एका शब्दानं आमचा माणूस तुरुंगात गेला असता, आणि तो शब्द मार खाल्लेल्या माणसानं गिळला. तरी राज्य बदलल्यावर, चाचांकडे बोट दाखवून "तो त्यांच्यातलाच" म्हणायला आपल्यातल्या काहींना जास्तच जोर आलाय. अशांनी आमची पत्रकं वाटू नयेत.

चाचांनी हमाल पुन्हा चालवायला घेतलाय. तो चालल्याशिवाय मी मरणार न्हाई, असं चाचींना बजावलंय. पण आता ते कुणाच्या मागे जात नाहीत. डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन माडीवर स्वतःच चालतात, आरशात बघतात, आणि बाहुल्याला तसं चालवतात. त्यांचे गुडघे गेलेत. नवी फीत मी पाहिली. हमाल जिवंत वाटतो, पण मधेच भिंतीला हात लावून थांबतो. या वेळी चाची उठल्या आणि चाचांच्या गुडघ्यांना लावायचं तेल कोमट करायला गेल्या.

तेव्हा, मारणाऱ्यांनो, माफी मागायला येऊ नका. चाचा लाजतील आणि तुम्हाला चहा पाजण्यात त्यांचा दिवस जाईल. मोंढ्यातून निघताना डोक्यावर ओझं असेल तर थोडा वळसा घ्या आणि त्यांच्या दुकानावरून जा. सावकाश जा. माडीच्या खिडकीकडे बघू नका.