शुक्रवारी दीड वाजता बदललेली यादी

सिकंदर मुजावर आमच्या साखर कारखान्यात सात वर्षं रोजंदारीवर टायपिस्ट होता. १९८६ साली कॉम्प्युटर आला आणि त्याला कायम होण्याची आशा लागली, कारण अख्ख्या ऑफिसात ते काम त्यालाच येत होतं. मी त्याच्या हाताखाली, मीही रोजंदारीवरच. मला नुसती बटणं दाबता येत होती.

संचालकांच्या निवडणुकीआधी एका गावाचा गट नंबर ४२ चा ५७ झाला. सभासदांच्या यादीत तो बदलायचा होता. सिकंदर प्रोग्रॅम लिहायला बसला.

"गटाच्या रकान्यातलाच ४२ धरायचा. बाकीला हात लावायचा न्हाय. दोन दिस लागतील," तो म्हणाला.

हेडक्लार्क हंबीरराव नेहमी घोड्यावर बसलेले. शुक्रवारी सिकंदर नमाजाला गेला आणि ते आत आले.

"पिराजी, एवढ्याला दोन दिस? ४२ दिसला की ५७ कर, झालं."

मलाही शहाणपण मिरवायचं होतं. मी एका ओळीत हुकूम दिला. मशीननं जिथं ४२ सापडला तिथं ५७ घातला, सभासद नंबरातसुद्धा. १४२८ चा १५७८ झाला. सिकंदर परत यायच्या आत यादी छापायला गेलीसुद्धा.

मतदानादिवशी सभासदांच्या पावतीवरचे नंबर यादीशी जुळेनात. शे-दोनशे माणसं शिव्या देत परत गेली. चौकशी लागली. हंबीररावांनी सरळ सांगितलं, "मशीन सिकंदर चालवतो."

"यादी शुक्रवारी दीड वाजता बदलली, तवा मी मशिदीत हुतो," सिकंदर म्हणाला. "पिराजी, तू सांग की."

हंबीरराव माझ्याकडं बघत होते.

"मला काय म्हाईत न्हाय," मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. सिकंदरला त्याच दिवशी काढलं. महिन्याभरात कायम झाल्याचा हुकूम आला, माझ्या नावाचा. घरी पेढे वाटले. मी खाल्लेही, लाज नाही वाटली तेव्हा.

दोन वर्षांनी इचलकरंजीत तो भेटला. मागावर पाळी करत होता, केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले. त्यानंच मला चहा पाजला.

"कायम झालास न्हवं?"

"व्हय."

"मग आता तुला कोण काढतंय? आता तरी खरं सांग की तिथं. माझं नाव तेवढं धुऊन निघंल."

मी बघतो म्हणालो. त्यानंतर चोवीस वर्षं मी त्याच ऑफिसात नोकरी केली, आणि कुणाला काही सांगितलं नाही.