तिमूररावांचं नाव

गुलनारा इथे परदेशात, आमच्या श्रूजबरी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. ती मराठी नाही, भारतीयही नाही. पण माप घेताना आमच्या वाढलेल्या कमरेबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून सगळ्यांची लाडकी. तिचा नवरा तिकडे तिच्या देशात तुरुंगात आहे. त्या देशाचं नाव घेऊन मला माझी जीभ विटाळायची नाही.

त्याचा गुन्हा काय, तर तो शाळेत मास्तर होता. वर्गातल्या एका मुलीला पोलिसांनी घरातून उचललं, तेव्हा तिला कुठे ठेवलंय हे हा चौकीवर विचारायला गेला. झालं, त्यालाच आत टाकलं. त्याच्या बाजूने वकील उभा राहिला, तर वकिलालाही टाकलं. न्यायाधीशाने निकाल आधीच टाइप करून आणलेला! याला कोर्ट म्हणायचं? वर निरोप काय, तर घरच्यांनी तोंड बंद ठेवलं तर उन्हाळ्यात सोडू. तेव्हापासून गुलनाराने चारचौघांत त्याचं नाव काढलं नव्हतं.

ही अट आम्हाला कुठे माहीत होती? गेल्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. बाहेर बर्फ, आत बायकांचा नुसता कल्ला. सगळ्यांचे उखाणे झाले आणि मंडळाची सेक्रेटरी दीपा गुलनाराच्या मागे लागली, नाव घे, नाव घे. बसल्या बसल्या तिने उखाणा रचून दिला. गुलनारा आधी नको नको म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, कितीतरी दिवसांनी कोणीतरी ते नाव मागत होतं. तिने घेतलं:

"तिळगुळाच्या ताटात ठेवला हलवा, तिमूररावांना लवकर घरी बोलवा."

आम्ही टाळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. दीपाने कौतुकाने व्हिडिओ मंडळाच्या फेसबुक पेजवर टाकला.

पुढे गुलनाराच्या सासूचा फोन आला. तिकडच्या सरकारी वकिलाने तोच व्हिडिओ भर कोर्टात दाखवला होता. माझा सोफा, माझं तिळगुळाचं ताट, दीपाची पैठणी, सगळं पुराव्यात! हळदीकुंकू म्हणे परदेशातली गुप्त बैठक. कपाळावरचं कुंकू संघटनेची खूण. आणि 'लवकर घरी बोलवा' म्हणजे तुरुंग फोडायचा कट. तिमूरची सुटका रद्द झाली, वर तीन वर्षं वाढवली. अरे मेल्यांनो, बायकांच्या उखाण्याला घाबरता, आणि राज्य करता? मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडत होते. माझा नवरा अरुण घाबरून बघायला आला.

दीपा रडत गुलनाराकडे गेली, व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढते म्हणाली. गुलनाराने शिलाई थांबवली नाही.

"काढू नकोस," ती म्हणाली. "मी गप्प होते, तेव्हाही तो आतच होता."

यंदाच्या संक्रांतीला ती सगळ्यांच्या आधी आली. नाव घे म्हणायची कोणाची छाती होईना. तिने स्वतःच हलव्याच्या वाटीला फोन टेकवून उभा केला, कॅमेरा चालू केला आणि तोच उखाणा घेतला, स्वच्छ, ठणठणीत आवाजात. यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत. दीपा उठून तिच्या शेजारी बसली, आणि कॅमेऱ्याकडे बघून तिनेही नाव घेतलं ते तिमूररावांचं. मग एकेक करत सगळ्या बसत गेल्या.

आजवर मी उखाण्यात अरुणशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नव्हतं. परवा घेतलं.